नऊ किलो जास्तीचे

भंगाराच्या धंद्यात वस्तूले नाव नसते.
पत्रा, बीड, तांबं, जाडं, बारीक.
एवढ्या पाच शब्दांत
अख्खं नागपूर मावते माह्या काट्यावर.

मंजूषा हेडाऊ पहिल्यांदा आली
तेव्हा मेट्रोच्या कामावरची उरलेली सळई
लोक झुंबड करून नेत होते.
तिनं उचललं कूलरचं जाळीचं दार,
कडेले वाळ्याच्या चार काड्या अजून अडकलेल्या.
नाकाशी नेलं.
"हे किती उन्हाळे चाललं असंन?"
मी म्हटलं, बाई, मी वजन सांगतो,
वय नाही सांगत.

मंग येतच गेली.
सराफ्यातल्या शटरच्या पट्ट्या,
लूनाचे सायलेन्सर,
कळमन्याच्या संत्र्याच्या पेट्या, खिळ्यांसकट,
एक जळका पंप.
अन् फळीवर पडलेला धोटा, गोळीबार चौकातल्या कोणाच्या तरी मागाचा,
तो खरं तर विकायले नव्हताच.
तिनं हातात घेतला
तर हात आपोआप डावीकडून उजवीकडे गेला,
मधात सूत असल्यासारखा.
"आमच्या घरी दोन माग होते."
एवढंच बोलली.
धोट्याचे वीस रुपये घेतले मी.
धंदा म्हणजे धंदा.

पावतीपुस्तकात सगळं मिळून: बावन्न किलो.

उधारी मागायले गेलो एकदा
पाचपावलीच्या तिच्या टिनाच्या शेडात.
बाहेर ऊन, आत वेल्डिंगचं दुसरं ऊन.
अन् मधात एक बाई उभी.
पोटऱ्या सायलेन्सरच्या,
कंबर शटरची, वाकली तर आख्खी इतवारी उघडंन अशी,
हात कोराडीच्या राखेचे, सिमेंटात कालवलेल्या,
बोटांच्या जागी धोटा,
छातीत पंप.
मानेच्या वर काहीच नाही.
म्हटलं, तोंड कुठाय?
चष्मा वर करून म्हणे,
"थांबा नं भाऊ. ते अजून भंगारात आलं नाही."
उधारी मागायची राहूनच गेली.

दिल्लीले गेली ती बाई, प्रदर्शनात.
चार महिन्यांनी वापस आली
थर्माकोलमध्ये, तशीच, तोंडाविना.
भाडं वजनावर होतं,
म्हणून ट्रकवाल्यानं माह्याच काट्यावर ठेवली.
एकसष्ट.
बावन्न माहे. वरचे नऊ कायचे?
मंजूषानं बोटं मोडली:
वेल्डिंगच्या काड्या, नट-बोल्ट, राख, सिमेंट, प्रायमर.
सात झाले.
दोन किलो तिलेही सापडले नाही,
मलेही नाही.

तिच्या शेडात जागा नव्हती,
राहू द्या इथंच, म्हटलं.
उन्हाळ्यात पोरं तिच्या पेटीवर चिमण्यांचं पाणी ठेवत.

मे महिना. सत्तेचाळीस.
रात्री अकराले मागच्या गल्लीतला ताजणे धावत आला,
सुनेले आठवा महिना, कूलरचा पंप गेला,
दुकानं सारी बंद.
मंजूषा तिथंच होती, काहीतरी धुंडत.
तिनं पाना मागितला.
चार स्क्रू.
मी म्हटलं, जळका म्हणूनच तर दिला होता तुले,
काऊन खराब करते एवढं काम?
ऐकते कुठं.
बादलीत बुडवला, सुईनं आतला केसांचा गुंता काढला,
पंख्याले नखानं टिचकी मारली.
घुं झालं.
आधी गंजाचं पाणी थुंकला,
मंग नुसतं पाणी.
जळका नव्हताच तो.
दोन वर्षं माह्या वहीत मात्र जळकाच.

आता ती आवारात उभी आहे,
छातीत चौकोनी भोक घेऊन.
सिव्हिल लाइन्समधून एक साहेब आले परवा.
म्हणे, घेतो, पण हे भोक बुजवून द्या.
मंजूषा म्हणाली, चहा घ्या साहेब.

मी काही पुन्हा वजन केलं नाही.
पंप सव्वा किलोचा, म्हणजे पावणेसाठ भरायले पायजे.
पण समजा
एकसष्टच भरली तं?
वजनमापवाल्याचा शिक्का आहे बाप्पा काट्यावर.
जप्त होईन माहा काटा.